कोड कम्प्लीशन एक्स्टेंशनमध्येच ठेवावे की लँग्वेज सर्व्हरमध्ये न्यावे?

वणी किंवा हिंगणघाट परिसरातल्या जिनिंगसाठी काटापावत्यांचे सॉफ्टवेअर गावातूनच सांभाळणाऱ्या, त्यासाठी स्वतःची छोटी नियमभाषा आणि ती लिहिण्याकरिता व्हीएस कोड या एडिटरचे एक्स्टेंशन तयार केलेल्या प्रोग्रामरसाठी ही तुलना आहे. कोड कम्प्लीशन म्हणजे लिहिता लिहिता पुढच्या शब्दांचे पर्याय एडिटरने सुचवणे; ते काम एडिटरला जोडलेल्या पूरक प्रोग्राममध्ये (एक्स्टेंशन) किंवा एडिटरबाहेर वेगळ्या चालणाऱ्या प्रोग्राममध्ये (लँग्वेज सर्व्हर) ठेवता येते. माझ्या मते येथे निर्णय सुविधांवरून न करता, कोणत्या रचनेची टेस्ट आपल्या जागी रोज चालवता येते, यावरून करावा.

एक्स्टेंशनमध्येच लिहिलेले कम्प्लीशन लवकर उभे राहते आणि त्यात वेगळी प्रोसेस सांभाळावी लागत नाही. अडचण टेस्टच्या वेळी येते. व्हीएस कोडचे नेहमीचे टेस्ट साधन एडिटरची स्वतंत्र प्रत डाउनलोड करते आणि ती उघडून तिच्यात टेस्ट चालवते. मोबाईल हॉटस्पॉटवर ते डाउनलोड जड जाते आणि भारनियमनाच्या वेळी, जुन्या लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीवर, दर बदलाला एडिटर उघडत बसणे कोणी फार दिवस करत नाही. परिणामी टेस्ट असतात, पण चालवल्या जात नाहीत.

एडिटर आणि लँग्वेज सर्व्हर यांनी आपसात कसे बोलावे हे ठरवणारा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुला केला. त्यात एडिटर आणि सर्व्हर जेसन-आरपीसी या ठरलेल्या साच्यातल्या मजकुरी संदेशांतून बोलतात, म्हणून एडिटर न उघडता तेच संदेश पाठवून उत्तर तपासता येते. सर्व्हर आपल्याच संगणकावर चालत असल्याने इंटरनेटही लागत नाही, आणि उद्या एखाद्याने निओव्हिम हा दुसरा एडिटर वापरायचे ठरवले तरी तोच सर्व्हर कामी येतो. मात्र सर्व्हर सुरू करणे, बंद पडल्यास पुन्हा उठवणे आणि उघड्या फाईलमधील प्रत्येक बदल त्याच्यापर्यंत बिनचूक पोहोचवणे, हे ओझे कायमचे मागे लागते.

मराठी मजकूर असलेल्या कोडमध्ये आणखी एक मेख आहे. माल == "कापूस" या अटीपुढे त्याच ओळीत वजन लिहून टिंब दिले, की क्विंटल आणि किलो हे पर्याय दिसायला हवेत. ‘कापूस’ डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, यूटीएफ-१६ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत त्याची ५ एकके होतात आणि यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीत १५ बाइट. प्रोटोकॉल कर्सरची जागा मुळात यूटीएफ-१६ मध्ये मोजतो. सर्व्हरने तो आकडा बाइटचा समजला, तर या एका शब्दापायीच तो १० बाइट मागे पडतो आणि यादी रिकामी येते किंवा भलतीच येते. मोजणीची पद्धत आपसात ठरवण्याची सोय ३.१७ आवृत्तीत आली, तरी यूटीएफ-१६ सर्वांना बंधनकारकच आहे. पायथनमध्ये लिहिलेला सर्व्हर देवनागरीच्या टेस्टमध्ये उत्तीर्ण होऊन इमोजीपाशी चुकू शकतो, कारण अनेक इमोजी पायथनला एक आणि यूटीएफ-१६ ला दोन वाटतात. जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंग मुळातच यूटीएफ-१६ मध्ये मोजल्या जात असल्याने एक्स्टेंशनमधल्या कोडला हा त्रास होत नाही. ही त्याची मोठीच जमेची बाजू आहे.

रचना कोणतीही असो, टेस्टमध्ये संपूर्ण यादी जुळवून पाहू नये. एक नवा शब्द भाषेत आला की साऱ्या टेस्ट लाल होतात. हवा तो पर्याय आहे आणि नको तो नाही, एवढेच तपासावे. शिवाय टेस्टमधला कोड अर्धवट असावा, कारण कम्प्लीशन मागितले जाते तेव्हा ओळ पूर्ण झालेलीच नसते.

क्लाउडवरील एआय कम्प्लीशन मी या निवडीत धरत नाही. त्याला नेट लागते, उत्तर दर वेळी तेच येईल असे नाही आणि आपली घरगुती नियमभाषा त्या मॉडेलने पाहिलेली नसते.

वापरणारे सगळे एकाच एडिटरवर असतील, तर सध्या कम्प्लीशन एक्स्टेंशनमध्येच ठेवावे. पण मजकूर आणि कर्सरची जागा घेऊन यादी परत देणारे फंक्शन एडिटरच्या एपीआयपासून, म्हणजे एडिटरशी थेट बोलणाऱ्या कोडपासून, वेगळे काढावे. त्याच्या टेस्ट एडिटरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नुसत्या नोडवर चालतात आणि दुसऱ्या एडिटरची मागणी आलीच, तर तेच फंक्शन सर्व्हरमध्ये उचलून नेता येते. एडिटर उघडणारी टेस्ट मग एकच पुरे: टिंब दिल्यावर यादी उघडते का, ही. ती प्रत्येक रिलीजच्या आधी, वीज असताना चालवावी.