गोवंडी-मानखुर्दच्या दोन वसाहती आणि क्षयरोग

नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी, दोन्ही मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या. दोन्हीकडे हातावर पोट असलेली माणसं. क्षयरोग मात्र दोन्हीकडे सारखा नाही.

नटवर पारेखमध्ये प्रकल्पांत झोपड्या गेलेल्यांना 225 चौरस फुटांची घरं मिळाली. इमारतींमधलं अंतर जेमतेम 3 मीटर. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो, आणि मागच्या गल्लीतल्या कचऱ्यामुळे खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. कोंदट खोलीत एक जण खोकला की ते तासन्‌तास तिथेच राहतात, आणि त्याच खोलीत सगळं घर झोपतं. ऊन-वारा असेल तर धोका बराच कमी होतो.

पीएमजी कॉलनीत इमारतींमध्ये मोकळी जागा जास्त. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या स्वयंसेवी संस्थेच्या 2018 च्या अभ्यासात तिथे क्षयरोगाचं प्रमाण नटवर पारेख आणि तशाच दाटीच्या लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीपेक्षा खूपच कमी आढळलं.

उत्पन्न, आहार, गर्दी यांचाही वाटा आहेच. पण पुनर्वसनाच्या नावाखाली अंतराचे नियम शिथिल करणं मला अक्षम्य वाटतं. औषधं सरकार फुकट देतं. बरा झालेला रुग्ण परततो मात्र त्याच खोलीत. नव्या वसाहती पीएमजीसारख्याच बांधाव्यात, भले घरं थोडी कमी बसली तरी.