गिट: चार कमांडच्या पुढे गेलात तरच कळणारं साधन

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. नोकरीला लागल्यावर बहुतेक जण त्याच्या चार कमांड शिकतात: अ‍ॅड (बदल निवडणं), कमिट (त्यांची नोंद करणं; त्या नोंदीलाही कमिटच म्हणतात), पुश (सर्व्हरवर पाठवणं), पुल (तिथून आणणं). काही अडलं की फोल्डर उडवायचं आणि पुन्हा क्लोन करायचं, म्हणजे सर्व्हरवरून पूर्ण प्रत आणायची. यावर वर्षानुवर्षं भागतंही. पण लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलेलं हे फुकट साधन त्या चारांपुढे खऱ्या अर्थाने कामाला येतं. इंजिनीअर म्हणून पुढे जायचं असेल तर नव्या फ्रेमवर्कच्या आधी दोन आठवडे यालाच द्यावेत, असं आमचं ठाम मत आहे.

सर्वात मोलाची कमांड बायसेक्ट, म्हणजे बिघाड कोणत्या कमिटने आणला ते शोधणारी. मागच्या रिलीजला चालत होतं, आता चालत नाही, आणि मधे हजार कमिट आहेत. बायसेक्ट स्टार्ट करायचं, आताच्या कमिटला ‘बॅड’ आणि जुन्या टॅगला (रिलीजच्या कमिटला दिलेल्या नावाला) ‘गुड’ म्हणायचं. गिट दर वेळी मधला कमिट काढून देतं, तो तपासून ‘गुड’ की ‘बॅड’ ते सांगायचं. साधारण दहा तपासण्यांत दोषी कमिट हाती येतो. ‘बायसेक्ट रन’ला टेस्टची स्क्रिप्ट दिली तर हेही आपोआप होतं: स्क्रिप्टने ० परत दिला तर चांगला, १ दिला तर वाईट, १२५ दिला तर तो कमिट वगळायचा. काम झाल्यावर ‘बायसेक्ट रीसेट’ विसरू नये, नाहीतर पुढचं काम भलत्याच जुन्या कमिटवर सुरू होतं.

मात्र हे फळतं ते कमिट लहान असतील तरच. दोषी कमिटमध्ये चाळीस फाइली, त्यात निम्मं फॉरमॅटिंग असेल, तर कमिट सापडूनही बग सापडत नाही. त्यासाठी अ‍ॅडचा ‘पी’ पर्याय वापरावा. तो बदलाचा एकेक तुकडा दाखवून घ्यायचा की नाही विचारतो, आणि चुकून राहिलेली प्रिंटची ओळ तिथेच नजरेस पडते. मेसेजमध्ये ‘बग फिक्स’ लिहू नये. ‘पिनकोड रिकामा असल्यास पत्ता सेव्ह होत नव्हता’ असं लिहावं, मग एक ओळ रिकामी सोडून कारण. काय बदललं ते डिफ, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या कोडमधला फरक, सांगतो. का बदललं ते दोन वर्षांनी ब्लेम (कुठली ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणारी कमांड) लावणाऱ्याला फक्त मेसेजमधूनच कळतं.

रिफ्लॉग, म्हणजे आपण कोणकोणत्या कमिटवर होतो याची आपल्या मशीनवरची नोंदवही, हा मोठा दिलासा. चुकीचा हार्ड रीसेट (बदल टाकून जुन्या कमिटवर जाणं) झाला, रीबेस (आपले कमिट दुसऱ्या शाखेच्या टोकावर पुन्हा रचणं) फसला, ब्रँच (कामाची वेगळी शाखा) डिलीट झाली, तरी कमिट केलेलं काम त्या मशीनवर सहसा मिळतं. ब्रँचपासून तुटलेल्या कमिटची नोंद डीफॉल्टने ३० दिवस राहते. कमिट न केलेलं काम मात्र रिफ्लॉगला माहीतच नसतं. म्हणून जोखमीचं काही करण्याआधी कच्चा का होईना, एक कमिट करून ठेवावा.

दोषही आहेत. चेकआउट ही एकच कमांड ब्रँचही बदलते आणि फाइलमधले बदलही पुसते; या दोन कामांसाठी २०१९ मध्ये स्विच आणि रिस्टोअर आले, नव्यांनी तेच शिकावेत. रीबेस करताना कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) आला, तर त्याच्या दोन बाजूंच्या ‘अवर्स’ आणि ‘दीयर्स’ या नावांचा अर्थ उलटा होतो: ‘अवर्स’ म्हणजे ज्या ब्रँचवर रीबेस चाललंय ती. इथे कॉन्फ्लिक्ट डोळे मिटून सोडवला की स्वतःचंच काम जातं. रीबेसनंतर साधा फोर्स पुश (सर्व्हरवरचं पुसून आपलं लादणं) करू नये, ‘फोर्स विथ लीज’ वापरावा. आपण आणलेल्या स्थितीनंतर त्या ब्रँचवर सहकाऱ्याने काही टाकलं असेल तर तो पुश नाकारतो. फक्त एडिटर मागे गुपचूप फेच करत, म्हणजे सर्व्हरवरचे बदल आणत असेल तर ही राखण कमकुवत होते, हे ध्यानात ठेवावं.

आणि पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) कमिटमध्ये गेली, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून काहीच साधत नाही, इतिहासात ती जशीच्या तशी असते. पुश झाली असेल तर आधी ती की रद्द करून नवी घ्यायची, टीमला सांगायचं, इतिहास साफ करायचं काम त्यानंतर.