घरघंटी आणि ज्वारीचे दळण : सोलापुरातील एका घराचा अनुभव

ज्या घरात रोज ज्वारीची भाकरी होते, त्या घराने घरघंटी घ्यावी की गल्लीतल्या गिरणीवरच दळण टाकत राहावे, असा प्रश्न सोलापुरातली ओळखीची माणसे मला वरचेवर विचारतात. आमच्याकडे एक अश्वशक्तीची, घरगुती विजेवर चालणारी घरघंटी आहे आणि तिची सगळी जबाबदारी दहावीत शिकणाऱ्या माझ्या मुलाने आपणहून उचललेली आहे. म्हणून यंत्राविषयी लिहिताना त्याच्याविषयीही बरेच येईल. या यंत्राचे गुणदोष आम्हाला कळले ते त्याच्यामुळेच. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण बाजारातल्या या प्रकारच्या बहुतेक यंत्रांची रचना सारखीच असते आणि पुढे लिहिलेले त्या सर्वांना थोड्याफार फरकाने लागू पडावे.

गिरणीत दोन दगडांच्या मधून दाणा भरडला जातो. घरघंटीत दगड नसतात. वेगाने फिरणारी पोलादी पाती दाण्याचे तुकडे करतात आणि भोवतीच्या जाळीच्या छिद्रांतून जाण्याइतके बारीक झालेले पीठ खालच्या डब्यात पडते. म्हणजे पीठ किती बारीक यावे हे मुख्यतः जाळी ठरवते. यंत्रासोबत वेगवेगळ्या क्रमांकांच्या जाळ्या येतात आणि कोणत्या धान्याला कोणती जाळी वापरावी याचा एक तक्ताही येतो. तो तक्ता गव्हासाठी ठीक आहे. ज्वारीच्या बाबतीत मात्र आमच्या घरचे त्या तक्त्यावर समाधान झाले नाही.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरी थापता येते ती उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगून पीठ धरू लागते म्हणून, आणि पीठ जाडसर असेल किंवा दळून बरेच दिवस झाल्याने त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, गेली असेल, तर परातीत फिरवतानाच भाकरीची कड चिरते. तक्त्यातल्या जाळीने पीठ किंचित रवाळ येत होते. मुलाने एकच ज्वारी तीन जाळ्यांतून थोडी थोडी दळली, वाट्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि कोणती वाटी कशाची हे न सांगता आज्जीपुढे ठेवली. माझ्या आईने आयुष्यभर भाकऱ्या थापल्या आहेत. तिने चिमटीत पीठ घेऊन अंगठ्याने चोळले आणि भाकरी करण्याआधीच एक वाटी बाजूला सारली. उरलेल्या दोन्हींच्या भाकऱ्या झाल्या. "हिची कड चिरली न्हाई बघ लेकरा, पापुद्रा पण सुटला," असे ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरची ज्वारीची जाळी ठरली. ती तक्त्यात दिलेल्या जाळीपेक्षा एक क्रमांक बारीक आहे. दळायला वेळ थोडा जास्त लागतो, पण ज्यांना रोज भाकरी लागते त्यांनी तो द्यावा. प्रयोग करायचा तर परीक्षकाला उत्तर आधी कळू नये, ही गोष्ट त्याला कोणी शिकवली नव्हती. मला त्याच्या गुणपत्रिकेइतकाच त्या चिठ्ठ्यांचा अभिमान वाटतो.

विजेची भीती बहुतेकांना असते. माझ्या पत्नीलाही होती. मुलाने नववीच्या विज्ञानात शिकलेला हिशेब कागदावर मांडून दाखवला. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. मोटर पूर्ण ताकदीने तासभर चालली तरी पाऊण युनिटाच्या आसपास वीज जाते. मोटर आपली उष्णता वगैरेसाठी थोडी अधिक वीज ओढते, हेही त्याने खाली लिहून ठेवले होते. तासाभरात आमच्या यंत्रावर बारीक जाळीने सहा-सात किलो ज्वारी सहज होते, त्यामुळे विजेच्या बिलात दळणाचा वाटा किरकोळ राहतो. या यंत्राचा खरा खर्च विकत घेतानाचा. क्षमता आणि बनावटीनुसार १५ ते २५ हजारांच्या दरम्यान रक्कम मोजावी लागते, आणि केवळ गिरणीचे पैसे वाचतील या आशेने कोणी हे घेणार असेल तर ती वसुली फार सावकाश होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

पैसे पिठाच्या दर्जासाठी मोजायचे. आमच्या जिल्ह्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते उगीच नाही. रब्बीची प्रसिद्ध मालदांडी ३५-१ ही जात मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडीने तयार झाली आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अशी ज्वारी सुगीनंतर वर्षाची भरून ठेवायची, कडुनिंबाचा पाला घालून पिंपात जपायची, आणि मग ती गिरणीत आधीच्या माणसाच्या गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या पिठात मिसळून घरी आणायची, हे मला नेहमीच खटकत असे. गिरणीवाल्यांचा यात दोष नाही. प्रत्येक दळणाआधी त्यांनी यंत्र रिकामे करून पुसावे ही अपेक्षाच अवाजवी आहे. घरी चार दिवसांपुरते दळता येते, हा घरघंटीचा सर्वांत मोठा गुण. बाजरीच्या बाबतीत तो अधिकच जाणवतो, कारण बाजरीचे पीठ लवकर कडवट होते. भोगीची तिळाची भाकरी आणि वेळ अमावस्येचे उंडे आता त्याच सकाळी दळलेल्या पिठाचे होतात. एकादशीसाठी वरी किंवा राजगिरा दळायचा असेल, तर मुलगा आदल्या रात्री यंत्राचा कप्पा ब्रशने झाडून, जाळी काढून, कोरड्या फडक्याने पुसून ठेवतो. आज्जीचा उपवास त्याच्या लेखी फार काटेकोर बाब आहे.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. आवाज मोठा आहे. बंद खोलीत तो कानाला त्रास देतो. मुलाने पायांखाली जाड रबराची चटई घातल्यावर थरथर कमी झाली, आवाज फारसा कमी झाला नाही. शेजारच्यांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी आणि रात्री जेवणानंतर दळायचे नाही, हा नियम त्यानेच घातला आहे. दळताना पीठ गरम होते. ते पसरून निवू दिल्याशिवाय डब्यात भरून झाकण लावले तर आत ओल धरते. तेलकट जिन्नस यात अजिबात घालू नयेत. शेंगदाण्याने जाळीची छिद्रे बुजतात, त्यामुळे आपल्या शेंगाचटणीसाठी उखळच बरे. धान्य निवडण्यात हयगय चालत नाही. एकदा ज्वारीतून गेलेल्या खड्याने आमची बारीक जाळी फाटली आणि विक्रेत्याकडे नवी मागितली, तर आठवडे उलटले तरी मिळेना. शेवटी मुलाने फाटक्या जाळीचे माप घेऊन बाजारात दुसऱ्या दुकानातून तशीच जाळी शोधून आणली, प्लग काढून स्वतः बसवली, आणि तेव्हापासून ज्वारी आधी चाळतो, मग ताटात निवडतो, मगच यंत्रात घालतो. दार उघडताच मोटर थांबते ही सोय चांगली आहे, तरी प्लग काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही, यावर मी ठाम आहे आणि तो ते पाळतो.

नळाला पाणी येते त्या दिवशी सोलापूरकराच्या घरी दुसरे काही सुचत नाही. पिंपे, हंडे, कपडे, फरशी सगळे त्याच वेळात उरकायचे असते. पूर्वी गिरणीची फेरी नेमकी त्या दिवशी आली की पत्नीची ओढाताण होई. आता दळणाचा विचारच तिला करावा लागत नाही, कारण डब्यातले पीठ किती उरले हे मुलगा बघतो. समोरच्या घरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षक दांपत्याला डबा घेऊन गिरणीपर्यंत जाणे जमत नाही. त्यांचेही दळण तो आणतो, दळतो आणि पोहोचवतो. त्यांनी पैसे देऊ केले तेव्हा त्याने घेतले नाहीत आणि घरी येऊन सांगितलेही नाही. आम्हाला ते त्या बाईंकडून कळले. मध्यंतरी पत्नी तापाने झोपून होती, तेव्हा स्वतः दळलेल्या पिठाच्या भाकऱ्या त्यानेच केल्या. आकार वाकडातिकडा होता, पण दोन भाकऱ्या चांगल्या टम्म फुगल्या. आईला ताट नेऊन दिल्यावर "बाबा, पाणी अजून गरम हवं होतं," एवढेच तो मला म्हणाला. पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या कामाकडे इतक्या नेमकेपणाने पाहावे, याहून मोठे सुख बाप म्हणून मला ठाऊक नाही.

तेव्हा माझे मत असे : घरात चार-पाच माणसे असतील, ज्वारी वर्षाची भरली जात असेल आणि यंत्र झाडण्यापुसण्याचे काम मनापासून करणारे एक तरी माणूस असेल, तर घरघंटी जरूर घ्यावी. दोघांच्या कुटुंबाला किंवा मुख्यतः पोळ्या खाणाऱ्या घराला तिची गरज नाही. त्यांना चांगली गिरणी पुरेशी आहे. विकत घेताना दुकानात गव्हावर यंत्र चालवून दाखवतात, त्यावर समाधान मानू नये. आपली पसाभर ज्वारी सोबत न्यावी आणि तीच दळून मागावी. बारीक जाळीचे आणखी दोन नग त्याच वेळी बिलात लिहून घ्यावेत, आणि दुरुस्तीला माणूस सोलापुरातलाच येतो की बाहेरगावाहून, हे पैसे देण्याआधी विचारावे.