विद्यार्थ्यांनीच घेतलेली कार्यशाळा: लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी अडीच तास

गेल्या डिसेंबरमध्ये एका तालुक्याच्या गावी, वरिष्ठ महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या मुलामुलींसाठी झालेली लैंगिक छळ प्रतिबंधाची कार्यशाळा मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिली. ती घेणारे सातही जण शेजारच्या महाविद्यालयातले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते. चार मुली आणि तीन मुलगे असा हा गट बोलावणे आले की शनिवारी एस.टी.ने जातो आणि जाण्यायेण्याच्या भाड्यापलीकडे काही घेत नाही. मी स्वतः एका वेगळ्या महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य आहे आणि आमच्याकडे या गटाला बोलवावे का, हे ठरवण्यासाठी गेले होते. गटाचे आणि महाविद्यालयाचे नाव येथे लिहीत नाही, कारण इतक्या लहान ठिकाणी नावावरून माणूस ओळखू येतो आणि पुढे एका मुलीचा उल्लेख येणार आहे.

पहिली वीस मिनिटे फारशी जमली नाहीत. 'कन्सेंट', 'बायस्टँडर' असे शब्द येत राहिले आणि मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. एका मुलाने उभे राहून अर्थ विचारला, तेव्हा निवेदन करणाऱ्या मुलीने फळ्यावरचे शब्द पुसून 'संमती' आणि 'पाहणारा' असे लिहिले. तेथून वर्गाचा सूर बदलला.

कार्यशाळेचा खरा ऐवज म्हणजे त्यांनी सादर केलेले तीन छोटे प्रसंग. त्यांतला ग्रंथालयाचा प्रसंग मला सर्वांत प्रभावी वाटला. एक मुलगा रोज एकाच मुलीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो, पुस्तक शोधण्याच्या निमित्ताने वाकतो, आणि शेजारच्या टेबलावरचे चौघे ते पाहून खाली मान घालतात. प्रसंग तेथेच थांबवून प्रेक्षकांना विचारले गेले, "त्या चौघांत तुम्ही असता तर काय केले असते?" थेट बोलणे, त्या मुलीला काहीतरी कामाचे निमित्त काढून उठवणे, दुसऱ्या कोणाला मदतीला बोलावणे, नंतर तिची विचारपूस करणे आणि तारीखवार नोंद ठेवणे, असे पाच मार्ग त्यांनी सांगितले नाहीत, ते मुलांच्याच उत्तरांतून काढून घेतले. एक मुलगा म्हणाला, "मी सरांना सांगेन." त्यावर गटातल्या मुलाने शांतपणे विचारले, "कोणत्या सरांना? समितीवर कोण कोण आहे?" सुमारे नव्वद जणांच्या त्या वर्गात एकालाही एकही नाव सांगता आले नाही. मग सगळ्यांना जिन्याखालच्या सूचनाफलकापाशी नेण्यात आले. समितीचा कागद परीक्षेच्या वेळापत्रकाखाली झाकला गेला होता आणि त्यावर निवृत्त झालेल्या एका प्राध्यापिकांचे नाव अजून तसेच होते. मुलांनी मोबाइलमध्ये त्या कागदाचे छायाचित्र घेतले. कितीही भाषणे दिली असती तरी हा परिणाम साधला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियमांची मांडणी बहुतांशी अचूक होती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे याबाबतचे विनियम २ मे २०१६ पासून लागू आहेत. त्यांनुसार समितीच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ प्राध्यापिका असावी लागते, कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख असे पदाधिकारी समितीवर बसू शकत नाहीत, आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करावी लागते. आपल्याकडे आजही तिला 'विशाखा समिती' म्हणतात, म्हणून गटाने १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या 'विशाखा' निकालापासून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यापर्यंतचा प्रवास दोन-तीन वाक्यांत सांगितला, आणि तेवढा पुरेसा होता. त्यापेक्षा अधिक वेळ त्यांनी मुलींच्या मनातल्या खऱ्या भीतीला दिला. ती भीती अंतर्गत गुणांची आणि प्रात्यक्षिकांची असते. चौकशी सुरू असताना प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, तक्रारदाराच्या परीक्षेचे किंवा कामाचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवण्याची तरतूद या विनियमांत आहे, हे ऐकल्यावर पुढच्या बाकावरच्या दोन मुलींनी ते वाक्य पुन्हा सांगायला लावले आणि वहीत उतरवून घेतले. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यानेच ती खोटी ठरत नाही, हा मुद्दाही त्यांनी ठामपणे मांडला.

एक उणीव मात्र गंभीर होती. त्यांच्या भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करा.' कार्यशाळा संपल्यावर एक मुलगी दाराशी घुटमळत राहिली आणि शेवटी म्हणाली, "गणपतीच्या आधीची गोष्ट आहे. मग आता उपयोग नाही ना?" काय घडले हे गटातल्या मुलीने विचारले नाही, आणि हे फार महत्त्वाचे आहे. तिने बोटांवर महिने मोजले, कारणे लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते हे सांगितले, आणि लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणे हे समितीचेच काम आहे, असेही सांगितले. उत्तर योग्य होते, परंतु त्या भित्तिपत्रकामुळे ती मुलगी न विचारताच घरी गेली असती. माझ्या समितीवरच्या कामात मुदत संपली असे समजून गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे. मोबाइलवरून होणाऱ्या छळाला जेमतेम पाच मिनिटे मिळाली, हेही खटकले. शिवाय अशी कार्यशाळा डिसेंबरमध्ये नव्हे, प्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्यात व्हायला हवी. अर्थात हा दोष बोलावणाऱ्यांचा आहे.

या गटाची मोठी अडचण म्हणजे सातही जण येत्या उन्हाळ्यात पदवी घेऊन बाहेर पडतील. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ मध्ये स्थापन झालेल्या लैंगिक छळविरोधी समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी निवडणुकीने येत असत. जनजागृतीचे कामही त्याच समितीकडे होते, त्यामुळे दरवर्षी माणसे बदलली तरी काम चालू राहत असे. सप्टेंबर २०१७ मध्ये प्रशासनाने ती बरखास्त करून तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आणली, तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी त्याला विरोध केला. २०१६ चे विनियमही सांगतात की विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तीन विद्यार्थी सदस्य असावेत आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत. आपल्या अनेक महाविद्यालयांत ही तीन नावे प्राचार्यांच्या कार्यालयात ठरतात. या सात जणांसारखी मुले निवडून समितीवर आली, तर त्यांचे काम शनिवारच्या एस.टी. प्रवासावर अवलंबून राहणार नाही.

आमच्या महाविद्यालयाने त्यांना जुलैचे निमंत्रण दिले आहे आणि गटाने खालच्या वर्गातली पाच मुले आतापासून सोबत घ्यावीत, अशी विनंतीही केली आहे. भित्तिपत्रकाचा सुधारित मसुदा त्यांनी मला पाठवला. त्यावरची पहिली ओळ आता 'तीन महिने उलटले असले तरी या, समिती मुदत वाढवू शकते' अशी आहे, आणि तिच्याखाली समितीच्या सर्व सदस्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक लिहिण्यासाठी मोकळी जागा ठेवली आहे.