जॉइनिंगची तारीख येईपर्यंत: वेळापत्रक, यादी, टायमर की अभ्यासिका?

कॅम्पसमध्ये निवड झाली, पेढे वाटून झाले, शेवटच्या सेमिस्टरचा निकालही लागला. कंपनीचा मेल मात्र ‘लवकरच कळवू’ इथेच अडकलाय. २०२२ साली पास झालेल्या कितीतरी अभियंत्यांनी असे महिनेच्या महिने घरी काढले, काहींनी तर वर्षाहून जास्त. त्यानंतरच्या बॅचनाही ही वाट पाहणं नवीन राहिलेलं नाही. नोकरी आहे म्हणावं तर पगार नाही, बेकार म्हणावं तर हातात ऑफर लेटर आहे, आणि घरात दिवसभर असलेला माणूस म्हणजे सिलिंडर घ्यायला, बँकेत पासबुक भरायला, आत्याला स्टँडवरून आणायला हक्काचा माणूस. ‘तू काय, मोकळाच आहेस ना’ हे वाक्य दिवसातून दोनदा तरी ऐकू येतं.

या काळात काहीतरी शिकून घ्यावं असं सगळ्यांनाच वाटतं. प्रश्न कसं, हा आहे. आधी एक बघा: तुमचा दिवस नेमका कुठे फिसकटतो? काहींचं काय करायचं हेच ठरत नाही. काहींचं ठरतं, पण अकरा वाजले तरी लॅपटॉप उघडत नाही. काहींचं सुरू होतं, पण अर्ध्या तासात हात मोबाइलकडे जातो. आणि काहींचे चार दिवस झकास जातात, पाचव्या दिवसापासून सगळं थंड. खालचा प्रत्येक उपाय यातल्या एखाद्याच दुखण्यावरचा आहे. मित्राला ज्याचा गुण आला त्याचा तुम्हाला येईलच असं नाही, ते यामुळेच.

वेळापत्रक की यादी?

वेळापत्रक करायला मजा येते. सहाला उठणे, सात ते नऊ डेटा स्ट्रक्चर्स, साडेनऊ ते अकरा जावा, रंगीत पेनांनी चौकटी. भिंतीवर लावल्यावर निम्मा अभ्यास झाल्यासारखं वाटतं. पण कॉलेजचं वेळापत्रक चालायचं ते कागदामुळे नव्हे, समोर हजेरी घेणारं कोणी होतं म्हणून. घरच्या वेळापत्रकात सव्वादहाला सिलिंडरवाला आला की साडेनऊची चौकट मोडते, तिच्यामागून अकराची, आणि दुपारपर्यंत ‘आता उद्यापासूनच नीट सुरू करू’ हा निर्णय होतो. मोकळ्या वेळाबद्दल तक्रार केली की कोणीतरी मोठं माणूस मंडालेचं उदाहरण देतंच: टिळकांनी तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून काढलं, आणि तुला घरी बसून एक कोर्स होत नाही! टिळकांची बुद्धी बाजूला ठेवू. पण तुरुंगातला दिवस मोकळा नसतो. उठणं, जेवण, कोठडी बंद होणं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं, आणि तिथे आत्या येत नाही.

वेळापत्रकाचं दुसरं दुखणं अंदाजाचं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका गाजलेल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं बिघडत गेलं तर किती लागतील, याचं उत्तर सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५हून अधिक. वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. तेव्हा वेळापत्रक करायचंच असेल तर निम्म्याच चौकटी भरा, उरलेल्या कोऱ्या ठेवा. त्या भरायला घर समर्थ आहे.

यादीत वेळेची कटकट नाही. दहाचं काम बाराला केलं तरी काही मोडत नाही. पण ती वाढत जाते, आणि त्यातली सोपी कामं आधी उरकली जातात. रिझ्युमेचा फॉन्ट बदलला, लिंक्डइनचा फोटो बदलला, दोन टिक झाल्या, दिवस कारणी लागला! शिवाय काम हाताशी असलेल्या वेळाएवढं फुगतं, हे सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये थट्टेत लिहिलं, ते यादीला तंतोतंत लागू पडतं. अख्खा दिवस मोकळा असेल तर एक ईमेलही दुपारपर्यंत पुरतो.

माझं मत यादीच्या बाजूने आहे, पण तीन कामांच्या यादीच्या. चौथं लिहायचं नाही. आणि काम असं लिहायचं की ते झालं की नाही यावर वाद होऊ नये. ‘एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकणे’ हे काम नव्हे, ती इच्छा झाली. ‘दोन टेबलं जोडणाऱ्या दहा क्वेरी लिहिणे’ हे काम. आणखी एक आगाऊ सल्ला: रोजच्या तिन्हींतलं एक काम दुसरीकडे अर्ज करण्याचं किंवा मुलाखतीच्या तयारीचं असू द्या. ऑफर लेटर म्हणजे जॉइनिंग नव्हे, हे गेल्या काही वर्षांत पुरेसं सिद्ध झालंय.

वेळापत्रक चांगलं कोणाला? ज्याला स्वतंत्र खोली आहे, घरची कामं वाट्याला येत नाहीत आणि ‘गेट’सारखी (एमटेकच्या प्रवेशाची), बऱ्याच विषयांत विभागलेली परीक्षा द्यायची आहे, त्याला. तिथे विषय आलटून-पालटून यावे लागतात आणि यादी त्यासाठी अपुरी पडते.

या दोन्हींच्या मधे एक वाट आहे, ती फारशी कोणी वापरत नाही. काम घड्याळाला न बांधता घरात रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधायचं. ‘नऊला बसायचं’ असं न ठरवता ‘बाबा ऑफिसला निघाले की लॅपटॉप उघडायचा’ असं ठरवायचं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा ‘अमुक झालं की तमुक करीन’ प्रकारच्या ठरावांवर बरंच संशोधन केलं आहे. नुसत्या निश्चयापेक्षा ते जास्त पार पडतात, असा त्याचा रोख आहे. आपल्या घरांत अशा खुंट्या भरपूर: नळाला पाणी येणं, मावशी भांडी घासून जाणं, आजीची दुपारची मालिका सुरू होणं. घड्याळात नऊ वाजून गेले की गेले. बाबा उशिरा निघाले, तर तुमचं कामही नुसतं उशिरा सुरू होतं, बुडत नाही.

टायमर

टायमर लावून काम करायच्या ‘पोमोडोरो’ पद्धतीबद्दल थोडक्यात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास केला, आणि इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, त्यावरून हे नाव. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. ज्यांची गाडी सुरूच होत नाही त्यांना हा उपाय खरोखर लागू पडतो, कारण २५ मिनिटं कोणालाही झेपतील अशी वाटतात. मात्र प्रोग्रामिंग करणाऱ्यांची अडचण वेगळी. कोडमधली चूक कुठे आहे ते नुकतं दिसायला लागतं आणि नेमकी घंटा वाजते. अशा कामाला ५० आणि १० बरं. आणि टायमर मोबाइलवर लावू नका. वेळ बघायला मोबाइल उचलला की रील्स एका बोटावर असतात. घरातलं गजराचं जुनं घड्याळ चालेल.

टायमरने तास भरतात, पण त्या तासांत काय करायचं ते टायमर सांगत नाही. म्हणून तो यादीला जोड म्हणून ठीक आहे, एकटा नाही.

घर की अभ्यासिका?

खरा फरक इथे पडतो असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर.

पुण्याच्या पेठांत एमपीएससीवाल्यांमुळे अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, पण आता जिल्ह्याच्या आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावीही त्या निघाल्यात. एक खुर्ची, समोर लाकडी पार्टिशन, प्लग, पंखा किंवा एसी, पाण्याचा जार. भाडं महिन्याचं, गाव आणि एसी बघून बदलणारं. घरचं टेबल फुकट आहे, मग हे पैसे का घालायचे?

शांततेसाठी हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठं कारण घरच्यांचं वाटतं. घरात बसून तुम्ही दिवसभर कोड लिहिलात तरी आजीच्या लेखी तुम्ही ‘मोबाइलसारखंच काहीतरी’ करताय. डबा घेऊन बाहेर पडलात की ‘तो अभ्यासाला गेलाय’. त्याला हाक मारता येत नाही, त्याच्या भरवशावर सिलिंडर बुक होत नाही. मुलींच्या बाबतीत तर हा फरक आणखी ठळक. घरात असली की पोळ्यांपासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळं तिच्याकडे येतं, आणि त्याला कोणी काम म्हणतही नाही. फक्त खुर्ची घेण्याआधी अभ्यासिका कितीला बंद होते, रस्त्यावर दिवे आहेत का आणि मुलींना वेगळी खोली आहे का, हे संध्याकाळी स्वतः जाऊन बघावं. सकाळी सगळ्याच अभ्यासिका छान दिसतात.

तोटेही आहेत. तिथे बोलता येत नाही, त्यामुळे मॉक इंटरव्ह्यू किंवा ऑनलाइन क्लास जिन्यात उभं राहून करावा लागतो. वाय-फाय सगळ्यांत मिळून असतं, व्हिडिओ अडकतात. आणि बारा तास खुर्ची अडवणं म्हणजे बारा तास अभ्यास नव्हे. खालच्या टपरीवर कट-ऑफची चर्चा रंगली की एका चहाचा तास होतो. आजूबाजूचे सगळे वेगळ्याच परीक्षेच्या मागे असतील तर त्यांची धास्तीही आपल्याला चिकटते. जॉइनिंगची वाट बघायला आलेला मुलगा महिनाभरात राज्यसेवेचा फॉर्म भरतो, हे घडतं. विचार करून भरला असेल तर उत्तम. शेजारच्याने भरला म्हणून भरला असेल तर पुढची काही वर्षं त्यात जाऊ शकतात.

म्हणून माझा कौल अर्ध्या दिवसाच्या खुर्चीला. सकाळी अभ्यासिका, दुपारनंतर घर. बोलायचं, कॉल करायचं, अर्ज भरायचं काम घरी. अर्ध्या दिवसाचा दर पाटीवर नसला तरी विचारावा, बऱ्याचदा निघतो.

पैसे घालायचे नसतील तर गावातलं सार्वजनिक वाचनालय बघा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा, त्यातली काही वाचनालयं तर त्याच्याही शंभरेक वर्षं आधीची. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं. मात्र बरीच वाचनालयं सकाळ-संध्याकाळ उघडी आणि दुपारी बंद असतात, आणि लॅपटॉपला प्लग मिळेलच असं नाही. पुस्तक वाचायचं असेल तर झकास, कोड लिहायचा असेल तर गैरसोय.

तिसरा पर्याय फुकटातला: तुमच्याच बॅचमधला, तुमच्यासारखाच अडकलेला मित्र. सकाळी व्हिडिओ कॉल लावायचा, माइक बंद, दोघं आपापलं काम करणार. ऐकायला विचित्र वाटतं. पण कोणीतरी बघतंय एवढ्यानेच पाठ ताठ राहते. फक्त मित्र निवडताना सगळ्यात गप्पिष्ट मित्र टाळा.

रेकॉर्डेड कोर्स की तारखा असलेला कोर्स?

चार दिवस झकास आणि पाचव्या दिवशी थंड, हे ज्यांचं दुखणं आहे त्यांच्यासाठी हा भाग. वर सांगितलेलं काहीही पंधरा दिवसांत विरतं, कारण बुडवलं तर कोणाचं काही बिघडत नाही. ‘कधीही शिका, आपल्या गतीने शिका’ ही ऑनलाइन कोर्सची जाहिरात आहे, आणि मोकळ्या माणसासाठी तीच अडचण आहे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’मध्ये आला. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवलेल्या सगळ्यांपैकी फक्त ३.१३ टक्क्यांनी कोर्स पुरा केला. ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्राचा मार्ग घेतला त्यांच्यात मात्र हे प्रमाण ४६ टक्के होतं. पैसे भरणारे मुळातच जास्त गंभीर असतात, हे मान्य. तरी फरक लहान नाही.

आपल्याकडे यावर सोयीचं उत्तर एनपीटीईएल आहे. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे कोर्स, ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे, साधारण जानेवारीत आणि जुलैत सुरू होणारे. नाव नोंदवणं आणि शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी वेगळी. दर आठवड्याला असाइनमेंट आणि ती देण्याची ठरलेली तारीख. तारीख गेली की गेली, विनवणी कोणाला करणार? शेवटच्या गुणांत असाइनमेंटचे २५ टक्के, केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ टक्के. १२ आठवड्यांच्या कोर्सात चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, म्हणजे घरात लग्न निघालं तरी कोर्स बुडत नाही. काही कोर्स रटाळ असतात, फळ्यावरचं शिकवणं जसंच्या तसं कॅमेऱ्यात आलेलं असतं. यूट्यूबवरच्या चटपटीत शिकवण्यापुढे ते फिकं वाटेल. पण शिकवणं आवडलं म्हणून कोर्स पुरा होतो असं नाही, तारीख जवळ आली म्हणून होतो.

अशी तारीख कोर्सशिवायही मिळते. बिल्डिंगमधल्या दहावीच्या दोन मुलांची गणिताची शिकवणी घ्या. संध्याकाळी सहाला ती दारात उभी राहणार, आणि त्यांच्यासमोर तयारी नसताना बसायची लाज वाटते. हातखर्चाला चार पैसे सुटतात, आणि ‘मोकळाच आहेस ना’ला निदान सहा ते साडेसात उत्तर असतं.

एकाच गोष्टीला पैसे आणि वेळ द्यायचा असेल, तर मी तारखा असलेला एक कोर्स किंवा शिकवणी आधी घेईन, अर्ध्या दिवसाची अभ्यासिका त्यानंतर, आणि तीन कामांची यादी त्यांच्या आधाराने चालेल. भिंतीवरचं रंगीत वेळापत्रक सगळ्यात शेवटी. जॉइनिंग दोन-तीन आठवड्यांवर आलं असेल तर यातलं काहीच करू नका. झोपा, मामाच्या गावी जाऊन या, कागदपत्रांच्या झेरॉक्स काढा.

आणि एनपीटीईएलचा फॉर्म भरत असाल तर परीक्षेचं शहर निवडताना जरा थांबा. परीक्षा बहुतेक शनिवार-रविवारी असते, त्यामुळे मधेच जॉइनिंग आलं तरी ती देता येते. पण केंद्र सांगलीत आणि तुम्ही बंगळुरूत ट्रेनिंगला, असं झालं तर फी वाया जाईल. पोस्टिंगचा अंदाज असेल तर त्या शहराचा विचार आधीच करा.