केमोच्या जोडीला बेव्हासिझुमॅब: कमाई दोन महिन्यांची, अटी भरपूर

फुफ्फुसाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरला बेव्हासिझुमॅबचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे आधी बायॉप्सीचा रिपोर्ट सांगतो. त्यावर ‘स्क्वॅमस’ (या कॅन्सरचा एक प्रकार) असेल तर विषय तिथंच मिटला: सुरुवातीच्या चाचणीत या प्रकारात फुफ्फुसातून जीवघेणा रक्तस्राव झाला होता. खोकल्यातून अर्धा चमचा, म्हणजे सुमारे २.५ मिली, किंवा त्याहून जास्त लाल रक्त अलीकडे पडलं असेल तरीही नकोच. ईजीएफआर, एएलके या जनुकांतल्या बदलांचे रिपोर्ट यायच्या आधी तर घाईच करू नये. बदल सापडला तर गोळ्यांचा मार्ग वेगळा असतो.

काम साधं आहे. व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. बेव्हासिझुमॅब ते प्रथिनच धरून ठेवतं. पेशी मारण्याचं काम मात्र केमोचंच.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या ८७८ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या जोडीवर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) १०.३ महिने होतं, बेव्हासिझुमॅबसह १२.३. गाठ लक्षणीय आटणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेलं. पण उपचारामुळे झालेले १५ मृत्यूही याच गटातले. सिस्प्लॅटिन-जेमसिटाबिन या दुसऱ्या केमोच्या जोडीसोबत दिलं तेव्हा आजार थोडा उशिरा वाढला, आयुष्य काही वाढलं नाही. म्हणून जोडीदार निवडायचाच तर पहिला, कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल.

डोस किलोमागे १५ मिग्रॅ, दर तीन आठवड्यांनी. वजन ६० किलो असेल तर ९०० मिग्रॅ: ४०० च्या दोन कुप्या आणि १०० ची एक, मिळून ३६ मिली. १०० मिलीच्या सलाइनमधून तेवढंच काढून मग हे घालायचं. डेक्स्ट्रोज चालत नाही. बाटली हलवून फेस आणायचा नाही, हलकेच उलटीपालटी करायची. पहिली सलाइन ९० मिनिटांत, सोसली तर दुसरी ६०, तिसरी ३०. केमोच्या चार ते सहा फेऱ्या संपल्या की आजार वाढेपर्यंत हे एकटं चालू राहतं.

गाडी अडते ती बहुतेकदा इथंच. केमो संपली की तपासण्यांकडे दुर्लक्ष होतं, आणि रक्तदाब या काळातही चढू शकतो, गुपचूप. प्रत्येक डोसआधी रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन बघायलाच हवं. लघवी तपासायच्या पट्टीवर दोन प्लस आलं तर २४ तासांची लघवी जमवायची; त्यात २ ग्रॅम किंवा जास्त प्रोटीन निघालं तर डोस थांबवायचा. पोटात अचानक जोरात दुखू लागलं तर गॅस समजून अंगावर काढू नये, आतड्याला छिद्र पडलेलं असू शकतं. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी किमान २८ दिवस बंद, नंतरही २८ दिवस आणि जखम पूर्ण भरेपर्यंत. सुमारे २० दिवसांनीही औषधाचं अर्धं प्रमाण शरीरात उरलेलं असतं, म्हणून एवढी थांबायची सक्ती.

पहिली केमो हरल्यावर डोसिटॅक्सेल या केमोसोबत रॅम्युसिरुमॅब, म्हणजे गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारं दुसरं इंजेक्शन, किलोमागे १० मिग्रॅ, हा पर्याय आहे. स्क्वॅमसवाल्यांनाही तो खुला आहे, पण फायदा आणखी बारीक: मध्यक आयुष्य ९.१ महिन्यांचं १०.५. डोसिटॅक्सेलसोबतच द्यायच्या, रक्तवाहिन्या रोखणाऱ्या निंटेडॅनिबच्या कॅप्सूल सोयीच्या वाटतात, मात्र जुलाब आणि लिव्हरचे आकडे सांभाळावे लागतात. डोसिटॅक्सेलच्या दिवशी कॅप्सूल घ्यायची नाही, दुसऱ्या दिवसापासून सुरू करायची.