मुलांसाठी घेतलेली सात आसनी सीएनजी गाडी: अकरा महिने, साडेतेरा हजार किलोमीटर

गेल्या दिवाळीत जुनी हॅचबॅक देऊन आम्ही सात आसनी सीएनजी गाडी घेतली. घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. जुन्या गाडीत मागे धाकट्याची चाइल्ड सीट बसवली की उरलेल्या जागेत सासूबाई आणि थोरली अंग चोरून बसायच्या. ठाण्यात कासारवडवली ते तीन हात नाका या संध्याकाळच्या तासाभरात सासूबाईंचा गुडघा आखडायचा, त्यामुळे त्या हळूहळू सोबत यायचंच टाळायला लागल्या. मोठी गाडी घ्यायची ठरली ती त्यामुळे.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं या वर्गातल्या कुठल्याही गाडीला लागू पडतं, आणि तुमची मुलं त्यात कशी मावतात हे तुम्हालाच बसवून बघावं लागणार आहे.

सगळ्यात आधी पार्किंग मोजा. आमच्या सोसायटीत यांत्रिक पार्किंग आहे. तिथल्या पाट्याला लांबी, उंची आणि वजन या तिन्हींची मर्यादा असते. या वर्गातली ट्रायबर चार मीटरच्या आत बसते, अर्टिगा ४.४ मीटरला किंचित कमी, कारेन्स ४.५४ मीटर. कागदावर हा फरक हातभराचा दिसतो, पण शेजारच्या इमारतीतल्या एका कुटुंबाला त्यापायीच गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागते. चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनच्या गाडीला १८ टक्के जीएसटी आणि त्यापुढच्या गाडीला ४० टक्के, हेही हिशोबात धरा.

आता मुख्य गोष्ट. शोरूममध्ये आम्ही दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मुलांना घरी ठेवून गेलो. तिथल्या विक्रेत्याने मधली सीट एका झटक्यात पुढे दुमडून दाखवली, "बघा ताई, मागे जायला किती सोपं." मी स्वतः आत शिरून बघितलं, खरंच सोपं होतं. गाडी घरी आली, डाव्या बाजूला आयसोफिक्सवर, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायला गाडीतच दिलेल्या कड्यांवर, धाकट्याची सीट बसवली, आणि सासूबाई मुलीला मागच्या रांगेत बसवायला गेल्या तेव्हा लक्षात आलं की चाइल्ड सीट लावलेल्या आसनाची पाठ दुमडताच येत नाही. मागे जायची वाटच बंद. दर वेळी ती सीट काढायची आणि परत लावायची म्हणजे शाळेच्या वेळी पाच मिनिटं गेली.

मग सीट उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे हलवली. डावी बाजू मोकळी झाली, थोरली मागे जाऊ शकते. पण उजवं दार घोडबंदर रोडच्या वाहत्या रहदारीकडे उघडतं आणि दुचाकी अगदी दाराला घासून जातात. म्हणून नियम केला: धाकटा कायम डावीकडून चढतो, सीटवरून गुडघ्यांवर सरकत पलीकडे जातो आणि मी आतूनच वाकून त्याचा पट्टा लावते. उजव्या दाराचं चाइल्ड लॉक पहिल्या दिवसापासून चालू आहे. या वर्गात मधे दोन स्वतंत्र खुर्च्या असलेल्या सहा आसनी गाड्याही मिळतात. त्यांच्यात दोन खुर्च्यांमधून चालत मागे जाता येतं, चाइल्ड सीटला हात लावावा लागत नाही. आज परत घ्यायची झाली तर मी एक आसन सोडून तीच घेईन. हे आम्हाला शोरूममध्येच कळलं असतं, फक्त मुलं आणि ती सीट सोबत न्यायला हवी होती.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. थोरली चाइल्ड सीटमधून बाहेर पडली तेव्हा "आता मोठी झाली" म्हणून आम्ही तिला थेट गाडीचा पट्टा लावला. एकदा येऊरच्या पायथ्याशी उतरल्यावर तिच्या मानेवर पट्ट्याची लाल रेघ दिसली. नीट बघितलं तर वरचा पट्टा खांद्यावरून न जाता गळ्याजवळून जात होता, खालचा कमरेच्या हाडांवर न राहता पोटावर चढत होता. जोराचा ब्रेक लागला तर तो पोटातच रुतणार. त्याच आठवड्यात पाठ असलेला बूस्टर घेतला, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंचावर बसवणारी जादा बैठक. साधारण १४५ ते १५० सेंमी उंचीपर्यंत तो लागतोच. मुलगी आत्ता १३४ आहे. बूस्टरशिवाय चालेल का हे तपासायची पद्धत सोपी आहे: पाठ टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या काठावर वाकले पाहिजेत आणि पट्टा खांद्याच्या मधोमध आला पाहिजे.

गाडी बघताना लोक भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी धडकवून घेतलेल्या सुरक्षा चाचणीचे, तारे विचारतात आणि विचारायलाच हवेत. ऑक्टोबर २०२३ पासून ही चाचणी सुरू आहे आणि त्यात मुलांचे गुण मोठ्यांपेक्षा वेगळे, ४९ पैकी दिले जातात. पण त्यातले पुतळे दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाचे असतात, तेही चाइल्ड सीटमध्ये बसवलेले. नऊ वर्षांच्या मुलीच्या गळ्याजवळून जाणारा पट्टा त्या ताऱ्यांमध्ये दिसत नाही. कायद्याचंही सांगते: चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी खाली १००० रुपये दंड आहे. घोडबंदरवर पुढच्या सीटवर आईच्या मांडीत बाळ दिसतं तेव्हा मला दंडाच्या आधी पुढची एअरबॅग आठवते. ती फुगते तेव्हा बाळ तिच्या आणि आईच्या मधे असतं.

मधल्या रांगेतल्या पट्ट्यांची बकलं आमच्या गाडीत गादीत खोल बसतात. बूस्टर ठेवला की बकल बाजूला दबतं आणि मुलीला स्वतःचं स्वतः लावता येत नाही. रोज सकाळी शाळेच्या घाईत "आई, क्लिक होत नाहीये" हे वाक्य ऐकते. घेण्याआधी हेही करून बघा, मुलाच्या हातानेच.

सीएनजीचं आमचं मत चांगलं आहे. शहरात किलोला १७-१८ आणि हायवेवर २३ च्या आसपास मिळतं. रांगेत थांबावं लागतं, भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं आणि झोपलेल्या धाकट्याला उचलून उभं राहणं अवघड जातं. म्हणून नवरा आता रात्री दहानंतर एकटाच जाऊन भरून आणतो. टाकीमुळे मागच्या रांगेमागे सामानाला जागा जवळजवळ नाही, दोन दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या एवढंच. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) करावी लागते, तो खर्च आणि एक दिवस लक्षात ठेवा.

गणपतीला चिपळूणला गेलो तेव्हा गाडीची खरी परीक्षा झाली. मुंब्रा बायपास, शिळफाटा, पनवेल करत पेणला पोचेपर्यंत सगळे खुशीत. माणगावच्या रांगेत दीड तास उभे होतो. बाहेर ऊन, पण छतातल्या एसीच्या झडपांमुळे मागे बसलेली थोरली शांत झोपली. नंतर रस्ता वळणावळणाचा झाला तसं तिला मळमळायला लागलं. मागच्या रांगेत आसन चाकांच्या जवळ असल्याने धक्के जास्त लागतात आणि खिडकी लहान असल्याने बाहेरचं फार दिसत नाही. पोलादपूरच्या अलीकडे थांबून तिला मधे आणलं, आजी मागे गेल्या नाहीत, सोबत असलेली नवऱ्याची बहीण गेली. परतीला मुलगी पूर्णवेळ मधे बसली आणि एकदाही उलटी झाली नाही. मागच्या रांगेत पाठीमागे दाराची काच अगदी डोक्याजवळ असते, म्हणूनही लांबच्या प्रवासात मी आता मुलांना तिथे बसवत नाही. गावात आणि ठाण्यात ठीक आहे.

सासूबाईंचं मात्र काम झालं. दाराची पायरी त्यांच्या पायाला बेताची आहे, चढताना वरच्या दांड्याला धरतात आणि गुडघा पुढे मोकळा राहतो. गेल्या महिन्यात त्या स्वतः म्हणाल्या, "तलावपाळीला जाऊया का?" मधे थोरली बूस्टरवर, उजवीकडे धाकटा, डावीकडे त्या. तिघं मावली, कोपरं लागली, पण मावली.

दोन सर्व्हिसिंग झाल्या, दोन्ही मोफत मजुरीच्या. पुढच्या वेळी जाताना बूस्टर सोबत नेणार आहे आणि मधल्या बकलसाठी काही करता येईल का ते समोर बसवून विचारणार आहे.